३५ हजारांत जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना : आधी मिस्त्री, मग गाडी

बजेट आधीच सांगते, ३५ हजार. त्यातच गाडी, म्हणजे इलेक्ट्रिक स्कूटर, त्यातच नावावर करायचा खर्च आणि आणल्यावर जे काय निघेल ते पण त्यातच. भिशीचे पैसे होते, त्यामुळं वर एक रुपया पण घालायचा नाही हे घरात ठरलेलं. आणि नवीन गाडी हप्त्यावर घे असं सांगणारे लई भेटले पण हप्ता मला नकोच होता, एक हप्ता ऑलरेडी चालू आहे.

गरज काय तर मी मिरजेत एका लॅबमध्ये आहे, सकाळी साडेसहाला सॅम्पल घ्यायला हजर पाहिजे. घर सांगलीत गावभागात, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाड्याचं. येऊन जाऊन वीस-एकवीस किलोमीटर होतं. मिस्टरांची बाईक कुपवाड एमआयडीसीला जाते, त्यांची शिफ्ट वेगळी. राहिलं वडाप, ते भरल्याशिवाय हलत नाही आणि पहाटे भरायला माणसं कुठली. जुनी पेट्रोलची स्कूटर पण बघितली पण ३५ हजारात जी मिळत होती तिचं ॲव्हरेज ४० च्या आसपास, म्हणजे रोज अर्धा लिटर, पेट्रोल शंभरच्या वर, महिन्याला तेराशेच्या आसपास नुसतं पेट्रोल, वर ऑइल, बेल्ट, कार्बोरेटर. इलेक्ट्रिकला युनिटमागं दहा-अकरा रुपये धरले तरी रोजचे दहा रुपये पण होत नाहीत. हे गणित सगळ्यांनाच माहिती आहे. पण जुन्या इलेक्ट्रिक गाडीत हे गणित फसतं कुठं तर बॅटरी गेली की वाचलेलं सगळं एका फटक्यात जातं, आणि गाडी बंद पडली की उघडणारा माणूस सापडत नाही.

हे मला माहिती होतं कारण आमच्या नणंदबाईंची गाडी. चांगली होती दिसायला, मोठा स्क्रीन, ॲप, सगळं. कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा पार्ट, तो गेला, इथलं सर्व्हिस सेंटर बंद झालेलं, कंपनीचा फोन लागतो पण पार्ट येत नाही, बाहेरचा मिस्त्री हात लावत नाही. सात-आठ महिने गाडी जिन्याखाली उभी, वर चादर. त्यामुळं मी ठरवलं की आधी मिस्त्री शोधायचा, तो ज्या गाड्या उघडतो त्यातलीच घ्यायची. घरात हसले सगळे. पण मला अजून वाटतं की कमी पैशात घेताना हाच क्रम बरोबर आहे, कारण ज्याच्याकडं पैसे आहेत त्याला वॉरंटी परवडते, आपली वॉरंटी म्हणजे तो माणूस.

कुपवाड रोडला एकजण सापडला, आधी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या करायचा, आता निम्मं काम इलेक्ट्रिक गाड्यांचं. त्याला सरळ विचारलं, दादा, तुम्ही कुठली गाडी घेऊ नका म्हणाल? तो म्हणला, "ताई, कंपनीचं नाव सोडा, गाडी कशी बनवलीय ते बघा." मग त्यानं समजावलं. एका प्रकारच्या गाडीत बॅटरी, कंट्रोलर, मीटर, चार्जर सगळे एकमेकांशी बोलतात. त्या गाडीत बाहेरची बॅटरी टाकली तर गाडी ती ओळखतच नाही, चालूच होत नाही, मग पार्ट कंपनीचाच लागतो आणि सॉफ्टवेअर पण कंपनीचंच. दुसऱ्या प्रकारात साधा हिशोब, हबमोटर म्हणजे मागच्या चाकातच बसवलेली मोटर, एक कंट्रोलर, बॅटरीचे प्लस-मायनस, रेझची मूठ. त्यातला कुठला पण पार्ट कोल्हापूर-पुण्याहून मागवता येतो, दुसऱ्या मेकचा पण चालतो. पहिल्या प्रकारची गाडी चालवायला दहापट भारी यात वाद नाही, पण तिचं सर्व्हिस सेंटर शहरात चालू असेल आणि खिशात पैसे असतील तरच. आयक्यूब, चेतक, एथर वगैरे मला बघायला मिळालेल्या जुन्या गाड्या तशाही ५०-६० च्या पुढंच होत्या, त्यामुळं तो विषयच संपला.

मग गाड्या बघायला सुरुवात केली. रविवार गेले त्यात सगळे.

स्वस्तात सगळ्यात जास्त दिसतात त्या बिनानंबरच्या, म्हणजे ज्याला लायसन्स नको, पासिंग नको. नियम असा आहे की मोटर २५० वॅटच्या आतली आणि स्पीड ताशी २५ च्या आत असेल तर ती मोटार वाहनात धरत नाहीत. १४-१५ हजारात पण मिळतात कारण आतली ॲसिडची बॅटरी संपलेली असते. ॲसिडचा सेट नवीन टाकायला मला १२ ते १५ हजार सांगितले, वजन पंचवीस-तीस किलो, तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार. पण त्याहून मोठी गोष्ट, ह्या गाडीला आरसी बुक नसतं, म्हणजे मालक कोण हे सांगणारा कागद फक्त पहिलं बिल. एका माणसाकडं बिल नव्हतंच, म्हणला हरवलं, चासी नंबर बघू म्हणलं तर तिथं घासलेलं. चहा न घेताच निघालो.

दुसरी एक अशीच, बिल होतं, गाडी पण नीट होती, पण मुलगा अभिमानानं सांगतोय की मॅडम ही ४५ नं पळते, स्पीडलॉकची वायर काढलीय. आता हे बघा, वायर काढली की ती २५ च्या आतली गाडी राहिली नाही, मग तिला नंबर पण पाहिजे, इन्शुरन्स पण पाहिजे, लायसन्स पण पाहिजे, आणि यातलं गाडीकडं काहीच नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्यभर अशा गाड्यांवर परिवहन खात्यानं मोहीम काढली होती. दंड एक वेळ भरू पण मिरज रोडला कुणाला धक्का लागला तर इन्शुरन्सशिवाय आपलं घर बुडतं. ह्या दोन गाड्यांनंतर मी ठरवलं की हिरव्या नंबरप्लेटचीच घ्यायची, म्हणजे आरटीओत नोंद असलेली इलेक्ट्रिक, एमएच १० पासिंगची, भले थोडी जुनी असू दे.

हिरव्या प्लेटमध्ये एक मिळाली विश्रामबागला, दिसायला नवीकोरी, मागणी ३८, खाली येतो म्हणले. घरी येऊन एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला तर फायनान्सचं नाव तसंच. हप्ते संपलेत पण एनओसी आणायची राहिली म्हणले. राहिली म्हणजे काय, फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्याचं पत्र असल्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही. तुम्ही एनओसी आणा मग येते म्हणलं, परत फोन आला नाही.

मग पुराची गाडी. सांगलीत हा वेगळा चॅप्टर आहे आणि बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट पाणी म्हणजे इशारा पातळी आणि ४५ म्हणजे धोका, २०१९ ला ते ५७ फुटाच्या वर गेलं होतं आणि २०२१ च्या जुलैला परत गावात घुसलं. त्यामुळं कुठली पण जुनी गाडी बघताना आम्ही आधी पत्ता बघतो आणि खरेदीची तारीख बघतो. ही गाडी २०२१ च्या सुरुवातीची, पत्ता नदीकडचा, मालक म्हणाले पाणी आमच्या दारापर्यंतच आलेलं. आणि बॅटरी वॉटरप्रूफ आहे, आयपी ६७ लिहिलंय बघा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढंच. आमच्याकडचं पाणी काय अर्ध्या तासात उतरत नाही. मिस्त्रीनं सांगितलेलं ते बघितलं : सीटखालचं झाकण काढून वायरींचे सॉकेट उघडायचे, तांब्यावर हिरवा गंज आहे का, स्क्रूच्या खाचेत, हेडलाइटच्या आत वाळलेला गाळ आहे का, आणि गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हातानं फिरवायचं, हबमोटरमधून खरखर येते का. गाळ होता, बारीक पांढुरकी रेघ, पुसून पण कोपऱ्यात राहिलेली. ती रेघ आम्ही घरातल्या भिंतीवर बघितलीय, ओळखायला वेळ लागत नाही. मालकांना मी काय बोलले नाही, विचार करून सांगते म्हणलं.

शेवटी जी घेतली ती माधवनगरच्या एका रिटायर्ड सरांची. मुलानं पुण्याहून घेऊन दिलेली, डिसेंबर २०२१ चं पासिंग, हबमोटरवाली, साधी, बॅटरी काढून घरात नेता येणारी. सरांचा आता गुडघा दुखतो म्हणून विकायची. मागणी ३२ हजार. फर्स्ट ओनर, फायनान्स नाही, चलन नाही, ॲपवर सगळं स्वच्छ. सर म्हणाले फुल चार्जला ६० जाते. मी विचारलं सर तुम्ही एवढ्यात ६० गेलाय कधी? ते हसले, म्हणाले, "मी मंडई आणि गणपती मंदिर, याच्या पुढं कुठं जातो?"

आता बॅटरीचं. हे जरा सविस्तर सांगते कारण पैसे इथंच वाचले.

मीटरवर जे टक्के किंवा कांड्या दिसतात त्यावर साध्या गाडीत विश्वास ठेवायचा नाही. ते नुसतं व्होल्टेज बघून दाखवतं, रेझ दिला की कांड्या कमी, थांबलं की परत भरतात. मिस्त्रीनं दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली म्हणजे चार्जरवरचं लेबल वाचायचं. ह्या चार्जरवर आउटपुट ६७.२ व्होल्ट होतं, त्याला सोळानं भागलं की ४.२, म्हणजे आत सोळा सेलचे गट एकापुढं एक आणि सेल लिथियमचे, एनएमसी प्रकारचे. एलएफपी, म्हणजे लिथियमचाच दुसरा प्रकार, असती तर एका गटाला फुल चार्ज ३.६५ असतं. एलएफपी जास्त वर्षं टिकते आणि तापायला जरा सहनशील, पण माझ्या बजेटात जे आहे ते आहे. बॅटरीवर लिहिलेलं ६० व्होल्ट २६ एएच (अँपिअर-तास), गुणाकार केला तर दीड हजार वॅट-तासाच्या वर, म्हणजे नवीन असताना आत साधारण दीड युनिट वीज मावत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे आता किती मावते ते मोजायचं. मिस्त्रीकडं एक छोटा मीटर आहे, भिंतीच्या सॉकेटमध्ये तो घालायचा, त्यात चार्जर, मग किती युनिट गेलं ते तो दाखवतो. तो मीटर त्यानं मला दिला, डिपॉझिट पण घेतलं नाही. सरांना विनंती केली की गाडी पूर्ण संपेपर्यंत चालवायची आणि मग माझ्यासमोर चार्जिंगला लावायची. मला वाटलं नाही म्हणतील, पण सर विज्ञानाचे निघाले, त्यांनाच उत्साह आला, स्वतः माधवनगर-बुधगाव चकरा मारून गाडी संपवली. मीटर लावला, आकडा थांबला १.०५ युनिटवर. चार्जरमध्ये उष्णता होऊन दहा-पंधरा टक्के जातातच, म्हणजे बॅटरीत गेले जेमतेम ०.९. दीडपैकी ०.९, साठ टक्के. साध्या चालवण्यात किलोमीटरला २५ ते ३० वॅट-तास धरले तर ही गाडी फार तर ३०-३५ जाणार. मला २१ पाहिजेत. आज भागतंय पण पुढच्या वर्षी नाही.

मग चढाचा प्रयोग. सांगलीत चढ शोधायचा म्हणजे रेल्वेचा उड्डाणपूलच, दुसरा चढ आहे कुठं. मिस्टरांना मागं बसवलं, मिस्त्रीनं बॅटरीच्या वायरीला मल्टिमीटर जोडून दिलेला, फुल रेझमध्ये व्होल्टेज किती पडतं ते मागून मिस्टर वाचणार. थांबलेलं असताना ६४, चढावर ५७. चांगली बॅटरी दोन-तीन व्होल्ट पडते, ही सात पडली. मिस्टर म्हणाले सोडून दे. मिस्त्रीला फोन लावला तर तो म्हणला सोडू नका, चार वर्षाची बॅटरी सगळीच्या सगळी अशी एकदम जात नाही, एखादा गट वीक असेल. बॅटरी दुकानात आणून देता का.

सर स्वतः घेऊन आले. मला वाटतं इतका साधा विकणारा परत मिळणार नाही. मिस्त्रीनं डबा उघडला, बीएमएसला, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटला, जाणाऱ्या बारीक वायरींवर एकेक गट मोजला. पंधरा गट ४.१ च्या जवळपास आणि एक ३.७. आता यात गंमत अशी की एक गट मागं राहिला तर बॅटरीचं दोन्हीकडून नुकसान होतं. चार्ज करताना बाकीचे आधी भरतात म्हणून बीएमएस चार्जिंग बंद करतो, तो एक अर्धवटच राहतो. आणि चालवताना तो सगळ्यात आधी तळाला जातो म्हणून बीएमएस गाडी बंद करतो, बाकीच्यांमध्ये चार्ज शिल्लक असताना. म्हणजे एकट्या गटामुळं बाकीचे पंधरा कामाला येत नाहीत. एका गटात दहा सेल, असे १६० सेल त्या डब्यात. तो एक गट बदलायचा, बीएमएस जुना आहे तो पण बदलू, साडेपाच हजार म्हणला. नवीन लिथियम बॅटरी बाहेर २० ते २५ हजार सांगत होते.

इथं एक सांगायला पाहिजे, हे काम घरी करायचं नाही आणि ज्याला स्पॉट वेल्डिंग येत नाही, जो सोल्डरिंगनं सेल जोडतो त्याच्याकडं पण द्यायचं नाही. सेल फुगलेला, डबा चेपलेला किंवा आत पाणी गेल्याची खूण असेल तर रिपेअर विसरायचं, सरळ नवीन. सरकारनं बॅटरीच्या सुरक्षेचे कडक नियम, एआयएस १५६ चे, डिसेंबर २०२२ पासून लावले, त्यामुळं त्याआधीच्या गाडीत आपणच जास्त सावध राहायचं.

भाव करताना मी हा सगळा हिशोब कागदावर लिहून सरांपुढं ठेवला. बॅटरी साठ टक्के, रिपेअर साडेपाच, मागचा टायर गेलाय, ब्रेक शू घासलेत. २४ म्हणलं. सरांनी कागद नीट वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "तुझा हिशोब बरोबर आहे, पण मुलाला काय सांगू?" मग सरांच्या बाईंनी आतून आवाज दिला, अहो द्या की, लांबून येती बिचारी. साडेपंचवीसला ठरली. वर बाईंनी कवठाची चटणी बांधून दिली.

नावावर करायचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं होतं, फक्त एका ठिकाणी अडलं. अर्ज परिवहनच्या साइटवर भरायचा, फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, चासीचा पेन्सिलनं काढलेला छाप, आधार, आरसी, इन्शुरन्स. पीयूसी इलेक्ट्रिकला लागत नाही. अडलं कुठं तर ओटीपी. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर सरांचा नव्हताच, विकणाऱ्या शोरूमनं आपलाच कुठलातरी टाकलेला, तो आता बंद. आधी नंबर बदलून घ्यायला लागला, त्यात एक आठवडा. तुम्ही घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी हे तपासा, मालकाच्या समोर बसून ओटीपी त्यांच्या फोनवर येतो का बघा. इन्शुरन्स पण नावावर करायला १४ दिवसांची मुदत असते, ते बरेचजण विसरतात, आणि मग क्लेमच्या वेळी पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर. २०१८ पासून नवीन टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी घ्यायलाच लागतो, त्यामुळं ह्या गाडीचा डिसेंबर २०२६ पर्यंत आहे, तेवढा एक खर्च वाचला. पुढं काढेन तेव्हा इलेक्ट्रिकला थर्ड पार्टीत १५ टक्के सूट असते.

एकूण : गाडी साडेपंचवीस, बॅटरी साडेपाच, टायर आणि ब्रेक अठराशे. टायरला मजुरी जास्त गेली, हबमोटरचं चाक असल्यामुळं साध्या पंक्चरवाल्यानं हात लावला नाही, मोटरची वायर तुटायची भीती. उरलेल्यात ट्रान्स्फरचा खर्च आणि मला एक बरं हेल्मेट. ३५ च्या आत बसलं.

बॅटरी करून आणल्यावर परत तोच मीटर लावून मोजलं, १.४ युनिट. म्हणजे बॅटरीत १.२ च्या आसपास. मी एकटी, ४० च्या स्पीडनं, ४२-४३ किलोमीटर जाते. लॅबमध्ये चार्ज करत नाही, कुणाचं ऐकून घ्यायला नको. रोज संध्याकाळी बॅटरीचा डबा वर नेते, बारा किलो भरेल, तिसऱ्या मजल्यावर दम लागतो. आल्या आल्या लावत नाही, थंड होऊ देते, आणि रात्री झोपताना चार्जिंग बंद. दाराजवळ आणि जिन्यात तर लावायचंच नाही, काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच. वाचलेल्या पेट्रोलचे म्हणून महिन्याला हजार रुपये पोस्टात आरडी केलीय, दोन वर्षांनी बॅटरी लागणारच आहे. पावसात मिरज रोडला पाणी साठतं तिथं मात्र उतरून ढकलते, हबमोटरच्या निम्म्याच्या वर पाणी असेल तर चालवायची नाही असं मिस्त्रीनं बजावलंय.

लॅबमधली एक मैत्रीण मागं लागलीय, मला पण अशीच बघून दे. तिचं रोजचं तासगाव-मिरज आहे. तिला सांगितलं, तुझ्या बजेटात ह्यातली कुठलीच जुनी गाडी येऊन-जाऊन पुरणार नाही, तू पेट्रोलचीच घे, नाहीतर अजून दोन भिशी थांब.